खडूचा पाट

पुस्तकात तो धडा दीड पानाचा आहे.
‘पाण्याचे समान वाटप.’ खाली पाच प्रश्न,
एक चित्र: हसरा माणूस, हातात फावडं.
अक-तेरेकमध्ये फावडं घेतलेलं माणूस
असं हसताना मी तरी पाहिलेलं नाही.

म्हणून बाकं भिंतीला लावली.
दारापासून खिडकीपर्यंत खडूनं पाट काढला,
वरची आळी फळ्याकडे, खालची शेगडीकडे.
लाकडी पट्टी म्हणजे पाटाचं दार,
माझा निळा रुमाल म्हणजे पाणी.
(रुमाल धुवायचा राहिला होता.
पण मेअखेर आमचं पाणीही तसलंच येतं.)

टोपीत चिठ्ठ्या. ज्याला जे येईल ते.
उलुकला आली खालच्या आळीतली विधवा.
उलुक, पाटकऱ्याचा मुलगा.
पोरं फिदीफिदी हसली. त्यानं माझी शाल
डोक्यावरून घेतली, कंबर वाकवली, खोकला काढला,
आणखी हसवलं.
बेगिमाय झाली पाटकरी.
तिला स्टाफरूमची किल्ली दिली कमरेला अडकवायला.
तिच्या आईचा बटाटा दरसाल अर्धा करपतो.

पहिली पाच मिनिटं नुसता गोंधळ.
अदिलेत गाढव झाला, चिठ्ठीत नसताना,
आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

मग उलुकनं खोकणं थांबवलं.
“पाळी दरवेळी रात्री दोनची का लावतोस?
पोरं एकटी टाकून दारं धरायला येते मी.
येते, तर पाट कोरडा.
वर कुणी फोडला, तुला ठाऊक आहे.
त्यानं मेंढी दिली,
तेही मला ठाऊक आहे.”

हे चिठ्ठीत नव्हतं.
हे त्यानं दुलईखालून ऐकलेलं असणार:
बाप उंबऱ्यात, बाहेर कुणीतरी,
आणि दिवा मुद्दाम न लावलेला.

मला वाटलं, आता बेगिमाय पट्टी उचलेल,
रुमाल सोडेल शेगडीकडे,
न्याय होईल, घंटा होईल, मी घरी जाईन.

बेगिमायनं किल्ली चाचपली.
“वरच नाही पाणी. मी काय डोंगर पिळू?
पाळी बदलायची तर अर्ज द्या.
आणि मेंढीचं पुन्हा बोललात
तर रात्रीचे दोनसुद्धा विसरा.”
आवाज हुबेहूब. मानही तशीच तिरपी.
अकरा वर्षांची पोर.
किल्ली तिच्याकडे पुरती दहा मिनिटंही नव्हती.

ओशच्या प्रशिक्षणात बजावलं होतं,
सोंग उतरवायला विसरू नका:
वस्तू परत, पाय झटकायचे,
आपलं नाव मोठ्यानं सांगायचं.
झटकले सगळ्यांनी. अदिलेतनं चारही.
उलुक स्वतःच्या नावाशी अडखळला.
बेगिमायनं नाव सांगितलं,
किल्ली मात्र घंटा झाल्यावर, दारातून,
टेबलावर फेकली.

सगळी सोंगं आणता येतात, आई म्हणायची,
पैशाचं नाही आणता येत.
पाण्याबद्दल ती काही बोलली नव्हती.
सोंग चढल्यावर काय करायचं,
याबद्दलही नाही.

दुसऱ्या दिवशी उलुकचा बाप आला.
बस म्हटलं तर बसला नाही.
“त्या बाईचं सोंग माझ्या पोराला कुणी दिलं?”
“चिठ्ठीनं,” मी म्हणाले.

दोन चिठ्ठ्या टोपीत नव्हत्याच.
माझ्या बोटांत होत्या, दुमडलेल्या,
आदल्या रात्रीपासून.
हे त्याला सांगितलं नाही. मुलांनाही नाही.
तुम्हाला सांगते, कारण तुम्ही
आमच्या पाटावरचे नाही.

तो रिकाम्या फळ्याकडे बघत राहिला,
वाचण्यासारखं काही असावं तसा.
मग टोपी घालून निघाला.
वर्ग झाडून झाला होता, तरी खडू पुरता गेला नव्हता.
तिथं येताच त्यानं, न बघता,
पाऊल जरा लांब टाकलं,
बूट भिजू नयेत म्हणून टाकतात तसं.